बंड्या सोबत असेल त्या दिवशी पक्षी विसर

आबा, सप्रेम नमस्कार. मी धुळ्यात देवपूरला राहते, शाळेत शिकवते. दर रविवारी सकाळी कॅमेरा आणि कुत्रा घेऊन लळिंगला जायचं, असा दोन वर्षांपासूनचा नेम आहे. बंड्या गावठी, काळा कुळकुळीत, वय तीन. मला पक्ष्यांचे फोटो काढायचे असतात आणि त्याला पक्षी उडवायचे असतात. गेल्या रविवारी मोर दिसला. कॅमेरा डोळ्याला लावला तसा पट्टा हातातून सुटला. मोर गेला, बंड्या गेला, लेन्सचं हूड दगडावर आपटून फुटलं. पाऊण तासानं स्वारी जीभ लोंबवत परत आली. पक्षी बघणारे मित्र म्हणतात, कुत्रं घरी ठेव. ठेवलं की तो दाराशी बसून रडतो आणि आई मला बोलते. पुढच्या महिन्यात पाटणादेवीला जायचं ठरतंय, बंड्यालाही नेईन म्हणते. रानपिंगळ्याचा, त्या दुर्मीळ घुबडाचा, एक तरी फोटो मिळावा, अशी फार इच्छा आहे. दोन्ही कसं जमवू?
ता. क. त्याला स्कुटीवर पायाशी उभं करून हायवेनं नेते. चालेल ना?
– एक वाचक, धुळे

बेटा,

पाटणादेवीचं आधी सांगतो, कारण त्यात विचार करण्यासारखं काही नाही. बंड्याला न्यायचं नाही. पाटणादेवीचा सगळा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो आणि अभयारण्यात पाळीव कुत्रं नेता येत नाही. यावल आणि अनेर धरण अभयारण्यालाही हेच लागू. कुणी ओळखीचा म्हणेल, "चल गं, नाक्यावर बोलतो मी." त्याचं ऐकू नको. दंडाची भीती घालत नाही. कुत्र्यातला डिस्टेंपर हा विषाणूचा रोग रानातल्या मांसाहारी जनावरांनाही होतो. २०१८ साली गीरमध्ये पाठोपाठ सिंह मेले, त्यांच्यात हाच विषाणू सापडला होता. तुझ्या बंड्याला सगळ्या लशी दिलेल्या असतीलही, पण वास तर तो मागे सोडणारच. जिथं कुत्रं फिरून गेलं तिथं भेकर, ससा, रानमांजर काही काळ फिरकत नाही. आणि बिबट्यासाठी कुत्रं हे आवडीचं खाणं. चाळीसगाव तालुक्यात २०१७ साली बिबट्यानं माणसं मारली, ते तू पेपरात वाचलंच असेल.

तेव्हा पाटणादेवीला एकटी जा, म्हणजे माणसांसोबत जा. बंड्याला त्या दिवशी आईकडे ठेव. आदल्या संध्याकाळी त्याला पांझरेच्या काठी दमेपर्यंत पळव, सकाळी पोटभर खायला घाल, वर चघळायला एखादं हाडूक दे (कच्चं, शिजवलेलं नको, त्याच्या कपच्या होतात). दमलेलं कुत्रं दाराशी रडत नाही, झोपतं. आईचं बोलणं मात्र मला थांबवता येणार नाही.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. मित्रांचं अर्धं बरोबर आहे. पक्ष्यांचा फोटो आणि कुत्रा एका सकाळी जमत नाहीत, जमवायलाही जाऊ नये. ते कुत्रं घरी ठेव म्हणतात. मी म्हणतो, बंड्या सोबत असेल त्या रविवारी पक्षीच घरी ठेव. मोठी लेन्स कपाटात राहू दे. त्या दिवशी वेगळे फोटो काढायचे.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, नुकसान सोसून सांगतो. माझ्याकडे शेरू होता तेव्हा मीही दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभा होतो. एकदा माळावर धाविक पक्षी दिसला. हात मोकळे हवेत म्हणून शेरूचा पट्टा ट्रायपॉडच्या पायाला बांधला. बांधताना स्वतःच्या अकलेचं कौतुकही केलं. दोन मिनिटांनी झुडपातून मुंगूस निघालं. त्यानंतर मी पाहिलं ते असं: पुढे मुंगूस, मागे शेरू, त्याच्या मागे माझा ट्रायपॉड उड्या मारत चाललेला आणि ट्रायपॉडवर कॅमेरा. दुरुस्तीवाल्यानं कॅमेरा उघडला आणि आतली माती बघून मला विचारलं, "शेतात पेरला होता का?"

पण त्याहून मोठी चूक दुसरी. एप्रिलमध्ये शेरूला मोकळा सोडला होता. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती आणि मला वाटलं, वा, उडत्या टिटवीचे काय सुंदर फोटो मिळतायत. चाळीसेक काढले. घरी येऊन मोठे करून बघितले तेव्हा एका फोटोच्या कोपऱ्यात शेरू दिसला, मान खाली, तोंडात काहीतरी. टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांत अंडी घालते, मातीच्या रंगाची, ठिपक्यांची. चंडोल, तित्तर, धाविक, पखुर्डी, सगळ्यांचा संसार जमिनीवरच. माळावर मोकळं कुत्रं म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरातून रणगाडा. ते चाळीस फोटो मी पुसून टाकले. तेव्हापासून मार्च ते पावसाळा संपेपर्यंत माळ आणि कुरण कुत्र्यासाठी बंद, हा माझा घरचा कायदा आहे. लळिंगचं कुरण वनखात्याचं आहे. तिथं कुत्रा चालतो का, हे चौकीवर आधी विचार आणि नाही म्हणाले तर हुज्जत घालू नको.

मग न्यायचं कुठं? शिवारात. आपल्याला डोंगर, किल्ला, धबधबा असल्याशिवाय फोटो काढल्यासारखं वाटत नाही, पण कुत्र्यासोबत सगळ्यात चांगली सकाळ मला पाटाच्या कडेला मिळाली आहे. साक्रीकडे पांझरेवर जुने फडाचे बंधारे आहेत. दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालची शेतं फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटलेली. कुठल्या फडात कोणतं पीक घ्यायचं हे गावानं मिळून ठरवायचं, पाणी पाटकऱ्यानं फिरवायचं. शेकडो वर्षं ही रीत चालत आली. सकाळी सातला उन्हाची तिरीप पाटाच्या पाण्यावर पडते, वर बाभळी-निंबाची सावली, चालायला सपाट बांध आणि बंड्याला पाय ओले करायला पाणी. शेतमालकाला रामराम घालून, विचारून आत जायचं. कुणी नाही म्हणत नाही, उलट चहाला थांबवतात.

दुसरी जागा म्हणजे धुळे-नंदुरबारच्या त्या काळ्या दगडी भिंती. तू गाडीतून शंभर वेळा पाहिल्या असशील. सपाट माळावर मध्येच कुणी तटबंदी घातल्यासारखी सरळ रेषेत गेलेली टेकडी. भूगर्भशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. दख्खनचा लाव्हारस वाहत होता त्या काळात, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास, जमिनीच्या भेगांत रस शिरून थिजला. बाजूचा खडक झिजत गेला, ही भिंत उरली. काही तर कित्येक किलोमीटर लांब आहेत. नुसत्या भिंतीचा फोटो काढशील तर ती दहा फुटांची की शंभर फुटांची, कळत नाही. तिच्या पायथ्याशी बंड्याला बसव, लांब मागे ये, रुंद लेन्स लाव आणि त्याला फ्रेममध्ये अंगठ्याच्या नखाएवढा ठेव. बघणाऱ्याला त्या क्षणी दगडाची उंची समजते. कुत्रं किती मोठं असतं हे प्रत्येकाला ठाऊक असतं ना!

आणि मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हे. तू त्याला फोटोतली अडचण समजतेस, पण तो तुझ्यापेक्षा चांगला शोधक आहे. तुझे डोळे पाच फुटांवर आणि फांद्यांकडे लागलेले. त्याचं नाक जमिनीपासून दोन इंचांवर. एक सकाळ त्याच्या मागे चाल, तो थांबेल तिथं थांब आणि गुडघे टेकून बघ, हा का थांबला. शेरूनं मला साळिंदराचा काटा दाखवला, पाणंदीतल्या धुळीत उमटलेला कोल्ह्याचा माग दाखवला, मुंग्यांच्या वारुळाच्या तोंडाशी गवताच्या बियांची टरफलं गोल रचलेली दाखवली. यातलं काहीही मी उभ्यानं पाहिलं नसतं. माग टिपायचा तर सूर्य खाली असताना, उजेड आडवा पडत असताना. पंज्याच्या खळग्यात सावली भरते आणि ठसा उठून दिसतो. शेजारी प्रमाणासाठी लेन्सचं झाकण ठेव. बंड्याला तिथून ताबडतोब बाजूला घे, नाहीतर कोल्ह्याच्या मागावर त्याचाच पंजा उमटेल आणि घरी आल्यावर तू दोन्हींचा गोंधळ करशील. मी केलाय.

पाटणादेवीसाठी चाळीसगावला उतरशील तेव्हा स्टेशनजवळ फोटोग्राफर केकी मूस यांचं घर आहे, ते जरूर बघ. १९१२ चा जन्म, १९८९ ला गेले. हा माणूस कित्येक दशकं घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही आणि घरातल्याच वस्तू टेबलावर मांडून त्यांतून असे देखावे उभे करायचा की बघणाऱ्याला बाहेरचं रान वाटावं. त्यांना चार भिंतींची हद्द होती. तुला दोन मीटर पट्ट्याची आहे.

आता काळ्या कुत्र्याचा फोटो. बंड्याचे तुझे फोटो राखाडी येत असतील किंवा नुसता काळा गोळा, डोळे गायब. राखाडी येतो कारण फ्रेमभर काळं दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी आहे आणि तो फोटो उगाच उजळतो. एक्स्पोजर उणे दोन-तृतीयांश ते उणे एक कर. काळा गोळा होतो तो अकराच्या उन्हात, तिथं कॅमेऱ्याचा दोष नाही, वेळेचा आहे. सकाळी उजेड एका बाजूनं घे म्हणजे केसांवर चकाकी येते आणि त्याचं तोंड मोकळ्या आभाळाकडे वळव म्हणजे डोळ्यात उजेडाचा ठिपका पडतो. तो ठिपका नसला की जिवंत कुत्रं पेंढा भरल्यासारखं दिसतं. फोकस जवळच्या डोळ्यावर. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) फार मोठं ठेवशील तर नाक नाहीतर डोळा, एकच स्पष्ट येईल. ते एफ/५.६ ते एफ/७.१ च्या आसपास ठेव. पळताना टिपायचा असेल तर शटर १/१००० किंवा त्याहून जलद, बसलेला असेल तर १/२५० पुरे. आणि उभ्यानं खाली बघून काढू नको, ते फोटो सगळ्यांच्या मोबाइलात असतात. पोटावर झोप. झोपण्याआधी मात्र हातानं जमीन चाचप, आपल्याकडे सराटे काय चीज आहे ते तुला सांगायला नको.

त्याला "बस" आणि "थांब" ही दोनच कामं पक्की शिकव. घरात नाही, रस्त्यावर, बकऱ्या जात असताना शिकव. रोज दहा मिनिटं, महिनाभर. गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीला बसणारा हार्नेस घे आणि साधी दोन मीटरची दोरी कमरेच्या रुंद पट्ट्याला अडकव. हात मोकळे राहतात. मात्र गडाच्या उतरणीवर दोरी कमरेची सोडून हातात घे, तो खेचेल तर तू पडशील. चक्रीवाला लांबणारा पट्टा रानात नको, झुडपात गुंततो.

लांबून मेंढ्या दिसल्या की वाट बदल. साक्री भागात ठेलारी मेंढपाळांचे वाडे शिवारात बसलेले असतात आणि त्यांचे कुत्रे बिबट्याला तोंड देणारे. मला एकदा एका म्हाताऱ्यानं लांबूनच हाळी दिली होती, "तुना कुत्राले धर रे भो, आमना फाडी टाकतीन!" त्यात अतिशयोक्ती नव्हती.

ऋतूचं सांगतो. तुझ्या पत्रात तारीख नाही, पण पाऊण तास पळून जीभ लोंबली म्हणतेस त्यावरून मला काळजी वाटली. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो गार होतो. आपल्याकडचं ऊन ४४-४५ अंशांना जातं आणि बंड्या तर काळा. होळी झाली की दिवसाची भटकंती बंद. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तुमचा हंगाम आणि त्यातही दहाच्या आत परत. काळा दगड नऊनंतर तापायला लागतो. तळहाताची मागची बाजू दगडावर पाच-सात सेकंद ठेव, तुला सोसत नसेल तर त्याच्या पंज्यांनाही सोसत नाही. वीस किलोचं कुत्रं असेल तर त्याच्यासाठी वेगळं दोन लिटर पाणी घे आणि तो मागेल तेव्हा नाही, दर वीस मिनिटांनी थोडं थोडं दे. डबक्यातलं पिऊ देऊ नको. जीभ रुंद होऊन बाजूला पडली, लाळ चिकट आली, हिरड्या लालभडक दिसल्या, पाय अडखळले, तर फोटो गेले खड्ड्यात. सावलीत घे, पोटावर, जांघेत, पंज्यांवर साधं पाणी ओत, वारा घाल आणि थेट जनावरांच्या डॉक्टरकडे. हे उद्यावर टाकायचं दुखणं नाही.

दिवाळीनंतर आणखी एक शत्रू असतो, कुसळी गवत. त्याचं वाळलेलं कुसळ भाल्यासारखं, टोकाला काटा आणि मागे पिळाची शेपटी. ओल लागली की ती शेपटी फिरते आणि काटा स्क्रूसारखा आत शिरत जातो. सॉक्समध्ये तू अनुभवलं असशील. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात, कानात, डोळ्याच्या कोपऱ्यात शिरलं तर आतच चालत राहतं. शेरू दोन दिवस मान वाकडी करून डोकं झटकत होता. डॉक्टरांनी भूल देऊन कानातून काढलं ते कुसळ माझ्या करंगळीएवढं होतं. म्हणून घरी आल्यावर आधी कॅमेरा नाही, आधी बंड्या: बोटांची बेचकी, कान, काखा, जांघा, सगळं बोटांनी चाचपायचं. पावसाळ्यानंतर गोचिडीही इथंच सापडतात. कॅमेऱ्याच्या बॅगेत एक बोथट टोकाचा चिमटा कायमचा ठेव.

शेताच्या कडेनं जाताना दोन गोष्टींवर नजर असू दे. कपाशीच्या फवारणीचे दिवस असतील तर बांधावरच्या ड्रमात, बादलीत त्याला तोंड घालू द्यायचं नाही. आणि रानडुकरांसाठी काहीजण रात्री तारेत करंट सोडतात, सकाळी बंद करायला विसरतात. म्हणून अनोळखी शेतात कुत्रं दोरीवरच.

शिदोरीत तुझ्यासाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा, त्याच्यासाठी बिनमिठाची साधी भाकरी नाहीतर उकडलेलं अंडं. कांदा-लसूण घातलेलं काही देऊ नको, त्याच्या रक्ताला बाधतं. द्राक्षं तर अजिबात नाही.

आता तुझा रानपिंगळा. त्याच्यासाठी एकटीनं जा, आणि त्याची गोष्ट ठाऊक असू दे, म्हणजे वाट बघताना कंटाळा येणार नाही. १८७३ मध्ये ह्यूम या पक्षीशास्त्रज्ञानं या घुबडाची नोंद केली. आपल्या खानदेशात अधिकारी असलेल्या डेव्हिडसननं १८८४ मध्ये त्याचा नमुना मिळवला आणि त्यानंतर तो दिसेनासा झाला. संपला म्हणून लोकांनी आशा सोडली. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि तिच्या सहकाऱ्यांना तो पुन्हा दिसला तो शहाद्याजवळ, तुझ्या घरापासून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर. हा पिंगळा दिवसाउजेडी वावरतो, सकाळी उघड्या फांदीवर ऊन खात बसतो, त्यामुळे फोटोला सोयीचा. पण त्याचं रान उरलंय थोडं. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नको. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा शिरला, आणि शिकार सोडून तो तुझ्या मोबाइलशी भांडत बसतो. स्थानिक माणूस सोबत घे, सागाच्या विरळ रानात लांब बस आणि मोठी लेन्स त्या दिवशी कपाटातून काढ. आधी पाटणादेवीला जा, मग शहादा-तोरणमाळकडे एक वेगळी फेरी कर. एका ट्रिपमध्ये सगळं कोंबू नको.

म्हणजे महिन्यात तीन रविवार बंड्याचे, एक पक्ष्यांचा. हे प्रमाण आईला आधी सांगून ठेव.

राहिली स्कुटी. नाही चालणार. घराजवळच्या गल्लीत चालेल एकवेळ, पण मुंबई-आग्रा हायवेवर ट्रकांच्या रांगेत, पायाशी वीस किलोचं मोकळं कुत्रं आणि समोरून एखादी शेळी आडवी गेली तर? ओळखीचा रिक्षावाला बघ, जाऊन-येऊन ठरव, खाली जुनी सतरंजी टाक. परतीच्या वेळी ती सतरंजी बाहेर झटकून मगच त्याची रिक्षा सोड, नाहीतर पुढच्या रविवारी तो फोन उचलणार नाही.

– आबा